शेवटच्या यार्डाचे पुनरावलोकन

टोलेडो शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाला शेवटचा एक यार्ड हमखास जिंकता येतो, ही गंभीर बाब व्यावसायिक लीगच्या नियम समितीच्या निदर्शनास आली, आणि तिच्यावर तातडीने उपाय करणे भाग पडले.

बाकीचे यार्ड टोलेडोला जिंकता येत नसत, त्याबद्दल समितीची काहीच तक्रार नव्हती. मैदानाच्या मध्यभागी हा संघ धडपडे, चेंडू सोडे, एकमेकांच्या पायांत पाय अडकवून पडे. पण कशीबशी मजल मारत तो लाल पट्ट्यात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेआधीच्या शेवटच्या वीस यार्डांत शिरला आणि रेष एका यार्डावर आली, की कोच कॅझ ग्राबोव्स्की तोंडातली काडी काढून एकच शब्द बोले, "पियानो." मग दहा आडदांड माणसे ओग्लेट्री नावाच्या अकराव्या आडदांड माणसाच्या हातात चेंडू देत, त्याच्या पाठीला खांदे लावत आणि त्याला रेषेपलीकडे नेऊन ठेवत. याला टचडाउन म्हणतात. सहा गुण.

कॅझचे वडील पियानो उचलून जिन्यावरून वर नेण्याचे काम करत. त्यांच्याकडून पोराने एवढेच शिकून घेतले होते की पियानो ढकलताना सगळ्यांनी एकदम ढकलायचे आणि पियानोचे मत विचारायचे नाही. एवढ्या भांडवलावर तो टोलेडोच्या संघात अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. त्याला दुसरे काही येत नव्हते. ओग्लेट्रीलाही येत नव्हते. आख्खा सामना तो बाकावर ब्लँकेट पांघरून बसे आणि एक यार्ड उरला की उठे.

इतर संघांनी ही चाल अडवायचे सगळे प्रयत्न करून पाहिले. कोणी आडवे झोपले, कोणी वरून उड्या मारल्या. टल्सा संघाने तर सव्वादोनशे किलोचा एक माणूस खास नेमला. पियानो त्याच्यासकट पलीकडे गेला. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि त्या मंडळींची जी जुनी रीत आहे तिच्यावर आले. जे मैदानावर अडवता येत नाही ते वसंत ऋतूत, ॲरिझोनातल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये, संघमालकांच्या वार्षिक सभेत अडवायचे.

कॅझला साक्षीला बोलावले गेले. समितीचे अध्यक्ष थॅडियस क्रॅनफिल्ड हे विम्याचे वकील. फुटबॉलशी त्यांचा संबंध एकदाच आला होता, कॉलेजात असताना डोक्यावर चेंडू पडला तेव्हा. त्याचा दावा ते जिंकले होते.

"मिस्टर ग्राबोव्स्की, तुमच्या या ढकलाढकलीत आजवर किती खेळाडू जायबंदी झाले?" क्रॅनफिल्डांनी विचारले.

"एकही नाही, सर."

"एकही नाही!" क्रॅनफिल्डांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं एकही नाही. म्हणजे जेव्हा होतील तेव्हा किती होतील, याची काही कल्पना?"

"पण झालेच नाहीत तर—"

"तीच तर काळजी आहे. सगळे साठत चाललेत."

मतदान झाले. पाठीमागून ढकलण्यावर बंदी आली. विशेष म्हणजे टोलेडोच्या मालकीणबाई, मिसेस प्रिसिला हॅलोवे, यांचाही हात बंदीच्या बाजूने वर गेला होता.

"मॅडम, आपण आपल्याच विरुद्ध मत दिलंत?" कॅझने बाहेर आल्यावर विचारले. त्याचा कानांवर विश्वास होता, पण डोळ्यांवर बसेना.

"अरे, त्याच्या बदल्यात थँक्सगिव्हिंगची मॅच मिळाली आपल्याला!" मॅडम लिंबाचे सरबत ढवळत म्हणाल्या. "आख्खा देश टर्की खाऊन सोफ्यावर आडवा पडलेला असेल आणि आपल्याला बघत असेल."

"बघतील काय पण? आपल्याकडे तेवढी एकच तर चाल होती."

"त्या जेवणानंतर कुणाला एवढं कळतं, कॅझ?"

पहिले वर्ष कॅझने दम धरून काढले. नियमात ढकलण्यास बंदी होती, आधार देण्यास नव्हती. म्हणून दहा माणसे ओग्लेट्रीला आधार देऊ लागली. तो उभा असताना पडू नये म्हणून मागून असा काही आधार देत, की तो थेट रेषेपलीकडे जाऊनच थांबे. समितीने खुलासा काढला. आधार देताना कोपर किती वाकलेले असावे याचा कोन ठरला, आणि तो मोजण्यासाठी प्रत्येक सामन्याला एक कोन-निरीक्षक नेमण्यात आला. हा गृहस्थ शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला होता. भला मोठा कोनमापक घेऊन तो ढिगाऱ्यात शिरे आणि दोनदा त्याच्या खालूनच बाहेर आला.

मग कॅझने स्पर्शच सोडला. दहाजण ओग्लेट्रीच्या मागे हातभर अंतर ठेवून उभे राहत आणि चेंडू सुटताच त्याच्या कानाशी अशी बोंब ठोकत की तो बिचारा घाबरून रेषेपलीकडे जाई. दोन सामने हे चालले. तिसऱ्याच्या आधी 'ध्वनीद्वारे ढकलणे' हा नवा गुन्हा पुस्तकात आला.

"कोच, बरं झालं हो," ओग्लेट्री कान चोळत म्हणाला. "माझी बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा पुढे पळतो. परवा कपाटावर आदळलो."

आता, कॅझ म्हणजे काही गरीब गाय होती अशातला भाग नाही. टल्साकडे ताडमाड उंच असा एक झेल घेणारा होता. लाल पट्ट्यात आले की ते सगळ्यांच्या डोक्यावरून कोपऱ्यात उंच चेंडू टाकत आणि तो वरच्या वर काढून घेई. या चालीने टोलेडोला दोन वर्षे नाकी नऊ आणले होते. कॅझ एके दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसला आणि त्याने समितीला प्रस्ताव लिहून पाठवला, की शेवटच्या वीस यार्डांत इतका उंच चेंडू टाकणे हा बुटक्या खेळाडूंवर अन्याय आहे. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. टल्सानेही पाठिंबा दिला, कारण त्यांचा तो उंच खेळाडू तोवर दुसऱ्या संघात गेला होता.

"तूसुद्धा?" बायको लॉरेटा म्हणाली. ती पिएरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, कडा दुमडत होती. "वर्षभर त्या क्रॅनफिल्डच्या नावानं बोटं मोडतोस ना?"

"ते वेगळं. त्यांचे नियम मूर्खपणाचे असतात."

"आणि तुझा?"

"माझा खेळाच्या हिताचा आहे."

लॉरेटाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याने उठून गॅरेजमध्ये जाणे पसंत केले.

एव्हाना बचाव करणाऱ्यांवरही अन्याय होऊ नये असे समितीला वाटू लागले, आणि त्यांच्यासाठीही नियम झाले. समोरच्याच्या डोक्याला हात लावायचा नाही. गुडघ्याखाली धरायचे नाही. मागून धरायचे नाही, अंगावर भार टाकायचा नाही, शर्ट ओढायचा नाही आणि धरताना रागाने बघायचे नाही. हिशेब केला तर बेंबीपासून फासळ्यांपर्यंतची वीतभर जागा तेवढी शिल्लक उरली, तीही समोरून, आणि चेहऱ्यावर दिलगिरी ठेवून. चूक झाली तर दंड. पुन्हा झाली तर मोठा दंड आणि एक दिवसाचे संवेदना-शिबिर.

हे सगळे मोजणार कोण? मैदानावरचे पंच गोंधळून गेले. चुकीची शिटी वाजवली की शहरभर त्यांचे पुतळे जळत. म्हणून समितीने शेवटची आणि सर्वांत मोठी सुधारणा केली. लाल पट्ट्यात पंचांनी कोणताही निर्णय द्यायचा नाही. तिथे जे काही घडेल ते दूरच्या शहरातल्या पुनरावलोकन कक्षाकडे पाठवायचे. तिथे बारा माणसे बारा पडद्यांवर तेच दृश्य मागेपुढे फिरवतील आणि निकाल कळवतील. तोवर स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर पित्तावरच्या गोळ्यांची जाहिरात. पुनरावलोकनाचे प्रायोजक तेच होते. त्यांचा खप इतका वाढला की पुढच्या वर्षी त्यांनी पुनरावलोकने जरा लांबवता येतील का, अशी नम्र विचारणा केली. ती लांबली.

कॅझने एकदा क्रॅनफिल्डांना हॉटेलच्या लिफ्टमध्ये गाठले.

"सर, खेळाचा पार चिखल केलात हो तुम्ही."

"आम्ही?" क्रॅनफिल्ड दुखावले. "मिस्टर ग्राबोव्स्की, आम्हाला हौस आहे का? रोज पोतंभर पत्रं येतात. प्रेक्षकांची! प्रत्येक जण पहिल्या ओळीत लिहितो की नियम फार झाले, खेळ साधा करा. आणि दुसऱ्या ओळीत लिहितो की अमक्या संघाला मात्र काहीतरी लगाम घाला."

"टोलेडोहून येतात अशी पत्रं?"

"सगळ्यांत जास्त."

लिफ्टचे दार उघडले. कॅझ चुकीच्या मजल्यावर उतरला.

अशा रीतीने त्या मोसमाचा शेवटचा सामना आला. घरचे मैदान, समोर टल्सा. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर घर. आदल्या दिवशी मॅडमनी कॅझला काचेच्या केबिनमध्ये बोलावले. टोलेडोत सगळे काही काचेचे असते, हा त्या शहराचा धंदाच आहे. त्यामुळे बाहेरच्या बारा कारकुनांना त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"कॅझ, मी आडपडदा ठेवत नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या बाद फेरीत गेलो तर तू आहेस. नाही गेलो तर तू आणि तुझा तो ओग्लेट्री, दोघेही नाही. एका यार्डासाठी दोन माणसं पोसणं आता परवडत नाही."

"मॅडम, तुम्हीच मत दिलंत म्हणून तर तो यार्ड गेला."

"ते धोरण होतं. हे कामगिरीचं आहे. दोन्ही एकत्र करू नकोस."

रात्री कॅझ जेवला नाही. लॉरेटाने सॉसेजची बशी पुढे सरकवली, त्याने मागे सरकवली. "या वयात मी काय करू गं? पियानो उचलू?" एवढेच तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते त्याने लपवलेही नाही. लॉरेटाने त्याचा हात धरला. "उद्या मी येते स्टेडियमवर," ती म्हणाली. दोन वर्षे ती सामन्याला गेली नव्हती. पुनरावलोकनात तिला थंडी वाजे.

सामना कसा झाला ते सांगण्यात अर्थ नाही, दोन्ही संघ वाईटच खेळले. एरी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता, बर्फाची भुरभुर होती. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा टोलेडो चार गुणांनी मागे होते, चेंडू रेषेपासून एका यार्डावर होता आणि एकच प्रयत्न शिल्लक होता. उंच फेकता येत नव्हते, त्याला कॅझचाच नियम आडवा येत होता. ढकलता येत नव्हते, टेकू देता येत नव्हता, ओरडता येत नव्हते.

कॅझने ओग्लेट्रीला जवळ बोलावले. "हे बघ बाबा, तू चेंडू घे आणि जा."

"कसा जाऊ, कोच?"

"चालत."

"चालत?" ओग्लेट्रीने ब्लँकेट काढून बाकावर ठेवले. "आणि मागे कोण?"

"कुणी नाही. मागचे दहाजण खाली बसतील. हात वर करून. म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नको."

"आणि पुढचे? ते फाडतील मला!"

"त्यांनी पण नियम वाचलेत, लेका. जा तू."

चेंडू सुटला. टोलेडोचे दहाजण शिस्तीत खाली बसले. ओग्लेट्री चेंडू पोटाशी धरून निघाला. समोर टल्साची भिंत उभी होती, पण त्या भिंतीत प्रत्येक जण मनातल्या मनात कलमे आठवत होता. एकाने हात पुढे केला, दंड आठवला, मागे घेतला. दुसरा बेंबी शोधत राहिला; ओग्लेट्रीच्या देहावर ती सापडणे सोपे नव्हते. सव्वादोनशे किलोच्या त्या खास माणसाला आधीच दोन दंड झाले होते. त्याने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"जरा वाट देता का?" ओग्लेट्री म्हणाला.

"या की," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

ओग्लेट्रीने रेष ओलांडली. आधी उजवा पाय, मग पोट, मग चेंडू, मग डावा पाय. अख्खा माणूस पलीकडे गेला. त्याने चेंडू अलगद बर्फावर ठेवला आणि वळून उभा राहिला. टचडाउन झाले.

स्टेडियममध्ये चिटपाखरूही हलले नाही. सत्तर हजार माणसे उभी होती आणि सत्तर हजार माना मोठ्या पडद्याकडे वळल्या होत्या. तेवढ्यात आठव्या रांगेतून टाळ्यांचा आवाज आला. लॉरेटा होती. लोकरी हातमोजे काढून, लाल झालेल्या हातांनी ती एकटीच टाळ्या वाजवत होती आणि "वा रे माझ्या वाघा!" म्हणून ओरडत होती. आसपासची माणसे संकोचली. एक सेवक लगबगीने आला.

"बाई, अजून आनंद व्हायचा आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पडद्यावर सांगतील."

"मला दिसलं की!"

"दिसलं सगळ्यांनाच, बाई. पण थोडं थांबा ना."

खाली कॅझ पंच लेलँड यांच्याकडे धावला. लेलँड रेषेपासून दोन हातांवर उभे होते.

"सर, झालं ना? गेला ना तो?"

"मी काही पाहिलेलं नाही, मिस्टर ग्राबोव्स्की."

"तुमच्या बुटावर त्याचा पाय पडला!"

"पाय पडला, ते जाणवलं." लेलँडनी घसा खाकरला. "पण लाल पट्ट्यात मी पाहत नाही. नियम आहे. मला दोन मुलं कॉलेजात आहेत."

प्रकरण कक्षाकडे गेले. पडद्यावर पोट धरून बसलेला एक माणूस आला, त्याने गोळी घेतली, तो हसला. पुन्हा पोट धरून बसला. लोक खाली जाऊन हंगेरियन हॉटडॉग घेऊन आले, खाऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. बर्फाने रेष झाकली गेली, मग चेंडू झाकला गेला. ओग्लेट्री तिथेच उभा होता, कारण पुरावा जागचा हलवू नये असा नियम होता. कोणीतरी ब्लँकेट नेऊन त्याला पांघरले. दूरच्या शहरात बाराजण ते दृश्य इतक्या सावकाश पाहत होते की त्यांच्यापैकी पाचजणांच्या मते ओग्लेट्री अजून निघालाच नव्हता.

अखेर लेलँडच्या कानातले यंत्र खरखरले. ते मैदानाच्या मधोमध आले, ध्वनिक्षेपक सुरू केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "उपलब्ध पुरावा कोणत्याही बाजूने निर्णायक नाही. सबब, मैदानावरील मूळ निर्णय कायम ठेवण्यात येत आहे!"

टोलेडोच्या लोकांनी आनंदाने टोप्या उडवल्या. त्याच क्षणी टल्साच्या लोकांनीही उडवल्या. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बराच वेळ असा जल्लोष झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, की मैदानावर मूळ निर्णय कोणी दिलेलाच नव्हता.

ते भिजत घोंगडे अजून तसेच आहे. बाद फेरीत टोलेडो गेले असे म्हणता येईना आणि गेले नाही असेही म्हणता येईना. पुढच्या फेरीतला त्यांचा प्रतिस्पर्धी ठरल्या दिवशी रिकाम्या मैदानावर एकटाच खेळला आणि कसाबसा जिंकला. मॅडमनी कॅझला सांगितले, "तुला काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही. तू रोज ये, पण खुर्चीत बसू नकोस." तो रोज जातो आणि काचेच्या केबिनबाहेर उभा राहतो. शेजारी ओग्लेट्री ब्लँकेट पांघरून उभा असतो.

परवा अंगणातला बर्फ उपसताना शेजारच्या विल्मरने फावडे टेकले आणि विचारले, "कॅझ, आपल्यातलं आपल्यात सांग. झालं होतं का रे ते टचडाउन?"

"तू होतास ना तिथं? पाचव्या रांगेत. माझ्या बायकोच्याही पुढे."

"होतो की! अगदी समोर. डोळ्यांत तेल घालून बघत होतो."

"मग?"

"पडद्याकडे बघत होतो ना," विल्मर म्हणाला.

कॅझने बर्फाचे फावडे भरले आणि ते विल्मरच्या अंगणात टाकले.

आता तुम्हाला विल्मरचे हसू येत असेल तर जरा दमाने घ्या. ओग्लेट्रीने रेष ओलांडली, पायासकट, पोटासकट, चेंडूसकट, आणि टचडाउन झाले, हे वर तुम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितले होते. तुम्ही ते वाचलेत. तरीही कक्षाचा निकाल काय लागतो हे पाहायला तुम्ही मुकाट्याने पुढे वाचत आलात, आणि टाळ्या काय त्या एकट्या लॉरेटाने वाजवल्या.